दारावरची जास्तीची रेघ

हजेरीपट हा प्राथमिक शाळेचा आत्मा आहे, असं आम्हाला प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं होतं. सांगणारे गृहस्थ स्वतः पाऊण तास उशिरा आले आणि जाताना आमच्या सह्या घ्यायला विसरले. त्यामुळे त्या दिवशी प्रशिक्षणाला कोणीही हजर नव्हतं, अशी सरकारदरबारी नोंद आहे. मी मात्र भारावून घरी आले. वय तेवीस होतं.

पुढची सदतीस वर्षं मी म्हैसूर आणि आसपासच्या सरकारी कानडी शाळांमध्ये हजेरी घेतली. आधी कृष्णराजनगरकडच्या एका खेड्यात, मग शहरात, आणि शेवटची नऊ वर्षं एका वस्तीतल्या पाचवीपर्यंतच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून. घरात मराठी, वर्गात कानडी आणि सरकारी पत्रांत या दोन्हींपैकी काहीही नाही, अशा तीन भाषांत माझी नोकरी झाली. मुख्याध्यापिका हा शब्द ऐकून कोणी दबून जाऊ नये. शाळेत शिक्षक दोन, मुलं एकोणतीस, आणि शिपाई नसल्यामुळे घंटाही मीच वाजवत असे.

ज्यांनी शाळा सोडल्यावर पुन्हा तिकडे पाहिलेलं नाही, त्यांना हजेरी कशी घेतात ते सांगायला हवं. सकाळी नाव पुकारायचं आणि मूल 'बंदिद्दीनि मिस', म्हणजे 'आलेय बाई', असं म्हणालं की त्याच्या नावापुढच्या चौकोनात एक तिरकी रेघ मारायची. दुपारी जेवणानंतर दुसरी, उलट्या दिशेने. दोन्हींची फुली झाली की मूल दिवसभर शाळेत होतं. सकाळी जे आलं नाही त्याच्यापुढे आम्ही पेन्सिलीने ठिपका ठेवायचो. शाईने नाही, पेन्सिलीनेच. ठिपक्याचा अर्थ 'आलं नाही' असा नव्हता, 'अजून आलं नाही' असा होता. दुपारपर्यंत मूल आलं तर ठिपक्यावरून रेघ जायची. नाहीच आलं तर 'गै' हे अक्षर, गैरहजरचं.

हा ठिपका कुठल्याही नियमात नव्हता. मला तो माझ्या आधीच्या बाईंनी दाखवला, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. मुलाला उशीर होऊ शकतो हे सबंध खात्यात फक्त त्या ठिपक्याला मान्य होतं, आणि तो खोडरबराने पुसता येत होता.

मुलं का येत नाहीत याचेही तक्ते असतात. दर महिन्याला ते वर पाठवायचे. ताप, लग्न, मयत, स्थलांतर, इतर. खेड्यात असताना भाताच्या लावणीत निम्मी शाळा चिखलात उभी असायची. ती मी 'इतर'मध्ये घालायची. शहरात आल्यावर दसरा. दसऱ्याआधी काही आठवडे हत्ती राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत रोज सकाळी चालायचा सराव करतात आणि आमची शाळा त्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत होती. त्या दिवसांत मी वर्गात असायची आणि वर्ग हत्तीच्या मागे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची रजापत्रं एकाच हस्ताक्षरात, सगळ्यांना एकाच दिवशी ताप. फक्त तिसरीतल्या एका मुलीने लिहिलं होतं, 'काल हत्तीबरोबर जायचं होतं म्हणून आले नाही. ताप नव्हता.' माझ्या नोकरीत आलेलं हे एकमेव खरं रजापत्र. तेही 'इतर'मध्ये गेलं. म्हैसूरच्या शाळांच्या तक्त्यात हत्तीचा रकाना नाही.

निवृत्तीला वर्षभर उरलं असताना हजेरी फोनवर गेली. त्याचा समारंभ झाला. व्यासपीठावरच्या सगळ्यांना म्हैसूरचा जरीचा पेटा, म्हणजे फेटा, बांधला, चंदनाचे हार घातले आणि एका वक्त्याने 'प्रत्येक मुलाचा चेहरा आता सरकारला ओळखीचा होणार' असं सांगितलं. आम्ही मागे बसलेल्या शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या, कारण आम्हाला ते चेहरे आधीपासून ओळखीचे होते आणि सरकारला उशिरा का होईना सुचलं याचा आनंद होता.

मग व्यवहार कळला. मुलांना ओळीने उभं करायचं, फोन त्यांच्या तोंडासमोर धरायचा, चौकट हिरवी झाली की मूल हजर. हे सगळं सकाळी दहाच्या आत. दहा वाजून गेले की पडदा करडा व्हायचा आणि त्यावर कितीही बोट दाबलं तरी काही होत नसे. जे मूल तोवर आलं नाही ते दिवसभरासाठी गैरहजर. कागदाचा पटही ठेवायचा, पण तो फोनशी जुळला पाहिजे. खाडाखोड चालणार नाही. पेन्सिल चालणार नाही. ठिपका बंद.

त्या वर्षी पाचवीत सिंचना होती.

तिची एक वेणी घातलेली असायची आणि दुसरी सुटी, कारण धाकट्या बहिणीच्या दोन्ही घालेपर्यंत तिचा वेळ संपलेला असायचा. मी फळ्यावर भागाकार लिहून पुरा करायच्या आत ती उत्तर पुटपुटायची आणि मग मी ऐकलं का हे माझ्या तोंडाकडे बघून ठरवायची. मला असं मूल पाच-सहा वर्षांत एखादं मिळायचं. फक्त ती रोज सव्वादहाला यायची.

तिची आई मंजुळा शहराचे रस्ते झाडते, एका ठेकेदाराकडे. आपलं शहर स्वच्छ म्हणून नावाजलेलं आहे. ते आपोआप स्वच्छ होत नाही. मंजुळालाही पहाटे सहाच्या आत कुठल्याशा नाक्यावर आपला चेहरा फोनला दाखवावा लागतो, नाहीतर तिचा दिवस बुडतो. बाप पिरियापट्टणला तंबाखूच्या भट्ट्यांवर, हंगामात महिना-महिना येत नाही. तेव्हा सकाळी धाकटीला उठवणं, धुणं, भरवणं आणि अंगणवाडीत सोडणं हे सिंचनाचं काम. धाकटी चार वर्षांची, तिला सगळे पुट्टी म्हणत. अंगणवाडी दहाला उघडायची. दहाला पुट्टीला आत ढकलून सिंचना जी धावत सुटायची ती सव्वादहाला आमच्या फाटकात. पडदा करडा होऊन तोवर पंधरा मिनिटं झालेली असायची.

सरकारची एक इमारत दहाला उघडते आणि दुसरी दहाला बंद होते, आणि दोन्हींच्या मध्ये दहा वर्षांची मुलगी धावते. हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही. नकाशावर दोन ठिकाणांवर बोट ठेवता येणारा कोणीही माणूस पुरतो.

मी तिला म्हटलं, पुट्टीला इकडेच घेऊन ये, इथून दहाला कोणीतरी तिला सोडेल. दोन आठवडे ते चाललं. पुट्टी मागच्या ओळीत पाटीवर गोल काढत बसायची, आणि सोडणारं कोणी मिळालं नाही की दिवसभर तिथेच राहायची. मग आमच्या भागाचे अधिकारी तपासणीला आले. गृहस्थ चांगले, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी मुलं मोजली आणि ही कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, हिचं नाव कुठेही नाही. उद्या काही झालं तर ही कोणाची?" मी म्हटलं, मंजुळाची. हे उत्तर त्यांना अपेक्षित नव्हतं. पुट्टीला त्याच दिवशी परत पाठवावं लागलं. जाताना साहेबांनी 'एकही मूल सुटता कामा नये' हा भिंतीवरचा फलक खुर्च्यांमागे झाकला जातो म्हणून वर लावायला सांगितला. तो मी लावला.

आता माझी चूक. ती लिहिल्याशिवाय या लेखाला काही अर्थ नाही, कारण दुसऱ्यांवर चिडणं सोपं असतं.

मी रोज सकाळी सिंचनापुढे 'गै' लिहीत गेले. ती माझ्या डोळ्यांसमोर बसलेली असायची आणि मी पटात ती नाही असं लिहायची. मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. मूल शिकतंय ना, मग फोनला काय वाटतं याची पर्वा कोण करतो, असा माझा तोरा होता. सदतीस वर्षं मी वरून आलेल्या कागदांना मनातल्या मनात हसत आले होते आणि हसण्याने कागदाचं काही बिघडत नाही हे मला तोवर कळलं नव्हतं. मी वेळेवर एक पत्र लिहायला हवं होतं. पहिल्याच महिन्यात. मी ते लिहिलं नाही.

दुसरी गोष्ट मी केली ती मुद्दाम नव्हती, सवयीने झाली. आमच्या शाळेत जेवण शिजवायला जयम्मा होत्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या, पण मोजण्यात पक्क्या. ताटं वाढून झाली की त्या स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने रेघा ओढायच्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी. जेवढी ताटं तेवढ्या रेघा. शनिवारी दार ओल्या फडक्याने पुसायचं आणि सोमवारी पुन्हा सुरू. मी जेवणाच्या वहीत आकडा लिहायची तो या दारावरून. इतर शाळांत शहाणी माणसं जेवणाचा आकडा हजेरीच्या फोनवरून उतरवून घेतात, म्हणजे दोन्ही आकडे वर्षभर एकमेकांशी जुळतात आणि कोणाला काही विचारावं लागत नाही. किती जेवले हे प्रत्यक्ष किती जेवले त्यावरून लिहायचं असतं, अशी माझी समजूत होती.

त्यामुळे फोनवर सव्वीस तर वहीत सत्तावीस. फोनवर चोवीस तर वहीत पंचवीस. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत, जवळजवळ रोज, एक रेघ जास्त.

फेब्रुवारीत दोन कागद एकाच आठवड्यात आले.

पहिला चांगला होता. सिंचनाने सरकारी निवासी शाळेची प्रवेशपरीक्षा दिली होती. सहावीपासून दहावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं तिथेच. तिचं नाव पहिल्या यादीत आलं होतं. मंजुळा कामावरच्या हिरव्या कोटातच शाळेत आली आणि फाटकाबाहेर उभी राहिली. कोटाला वास येतो म्हणून ती आत यायची नाही. मी बाहेर गेले. तिने मला स्पष्ट सांगितलं, मिस, ही जागा मिळाली तर ती शिकेल. नाही मिळाली तर पुढची शाळा लांब आहे, पुट्टी लहान आहे, मी सहाला घर सोडते. मग ती घरीच. हे सांगताना ती रडली वगैरे नाही. आज कुठला रस्ता झाडायचा हे सांगावं तसं सांगितलं.

प्रवेशाला कागद लागत होते आणि त्यात हजेरीचा दाखला होता. वर्षाची निदान तीन चतुर्थांश हजेरी. दाखला आता हाताने लिहायचा नाही, संगणकातून छापून काढायचा. मी छापला. त्याप्रमाणे सिंचना वर्षभरात एक पंचमांशही दिवस शाळेत आली नव्हती. हजेरी लागलेल्या दिवसांतले बरेचसे पुट्टी मागच्या ओळीत बसत होती तेव्हाचे, बाकीचे आईच्या सुट्ट्यांचे.

माझ्या वर्गातली सर्वांत हुशार मुलगी कागदावर शाळा बुडवणारी ठरली होती, आणि त्यातला प्रत्येक 'गै' माझ्या हस्ताक्षरात होता.

दुसरा कागद माझ्या नावची नोटीस. फोनवरच्या हजेरीपेक्षा रोज एक मूल जास्त जेवल्याचं दिसतं. गैरहजर मुलाच्या नावे अन्नाचा वापर झाल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा सात दिवसांत खुलासा करावा. सोबत दिवसांची यादी जोडलेली. कोणीतरी बसून तारखा काढल्या होत्या. मी ती यादी पटाशी लावून पाहिली. बरोबर तेच दिवस. ज्या ज्या दिवशी मी सिंचनाला गैरहजर लावलं होतं, त्या त्या दिवशी एक ताट जास्त गेलं होतं.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याचं शिवणकामाचं दुकान आहे, दोन पिढ्यांचं. आमची घरातली मराठी पुण्याच्या माणसाला अर्धी कळते आणि अर्धी कानडी वाटते. तो शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "सुम्ने एक आकडा कमी कर की ग वहीतला. कशाला डोक्याला तलेनोवू?" सुम्ने म्हणजे गुपचूप, आणि तलेनोवू म्हणजे डोकेदुखी; आमच्याकडे डोक्याला डोकेदुखी होऊ शकते. मी म्हटलं, आकडा खरा आहे. तो म्हणाला, "खरा असेल. पण बघ, पँट आखूड झाली तर आम्ही कापड उसवतो. तुमच्या खात्यात गिऱ्हाइकाचे पाय बदलायला सांगतात."

दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या कारकुनानेही हेच सुचवलं, अधिक आपुलकीने. जेवणाची वही ही काही हजेरीसारखी नसते, त्यात दुरुस्ती चालते. नवी वही आणा, बसून उतरवून काढा, प्रत्येक दिवशी एक कमी. जुनी वही भिजली म्हणून सांगा. नोटीस फाइलला लागेल आणि विषय संपेल. माझी सहशिक्षिकाही म्हणाली, मिस, दोन महिन्यांत तुम्ही निवृत्त होणार, पेन्शनच्या कागदांत हे कशाला?

खरं सांगते, मी नवी वही विकत आणली. पहिलं पान उघडलंही. आणि मग मला दिसलं की सिंचना शाळेत होती असं सांगणारा सबंध सरकारात फक्त एकच पुरावा आहे, आणि तो म्हणजे माझ्यावरचा आरोप. पट म्हणतो ती नव्हती. फोन म्हणतो ती नव्हती. ती होती असं फक्त जयम्मांच्या दारावरची जास्तीची रेघ म्हणते, आणि दार दर शनिवारी पुसलं जातं. उरलेली एकच नक्कल म्हणजे माझी वही. ती मी उतरवून काढली असती तर मी सुटले असते आणि ती मुलगी कायमची गैरहजर राहिली असती.

नवी वही मी पुट्टीला गोल काढायला दिली.

खुलासा मी आठ ओळींचा लिहिला. त्यात लिहिलं की सदर दिवशी जेवलेली व्यक्ती ही आमच्या शाळेची पाचवीची विद्यार्थिनी असून ती फोनवर गैरहजर व शाळेत हजर होती. आपण जोडलेली यादी बरोबर आहे. ती यादी हाच तिच्या हजेरीचा तपशील समजावा.

चार दिवसांनी साहेबांनी बोलावलं. समोर खुर्ची दिली, कॉफी मागवली. म्हणाले, "मॅडम, मी तुमच्यावर विश्वास ठेवतो. पण ती मुलगी आलेली नाही."

"मग जेवलं कोण?"

"तेच तर आम्ही तुम्हाला विचारलंय."

मी विचारलं की खात्यात उशिरा आलेल्या मुलाला काय म्हणतात. त्यांनी थोडा विचार केला, अगदी प्रामाणिकपणे केला, आणि म्हणाले तसा रकाना नाही. हजर आणि गैरहजर, दोनच आहेत. मी म्हटलं, आपण आज साडेअकराला आलात, मी अकरापासून बाहेर बाकावर आहे. आपण आज कोणत्या रकान्यात? हे बोलणं मला शोभलं नाही. पण मी सदतीस वर्षांत एकदाही असं बोलले नव्हते, तेव्हा साठलेलं थोडं असणारच. साहेबांनी कॉफीचा घोट घेतला. म्हणाले, चौकशीला मी स्वतः येतो.

आणि आले. एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. पावणेदहाला आले, फाटकाजवळ खुर्ची टाकून बसले. दहाला मी त्यांच्यासमोर फोन भरला. पडदा करडा झाला. सव्वादहाला सिंचना धावत आली, एक वेणी सुटी, आणि साहेबांना बघून फाटकातच थांबली. तिला वाटलं आपल्याला घरी पाठवणार. त्यांनी तिला नाव विचारलं, घड्याळ पाहिलं आणि कुठून आलीस म्हणून विचारलं. ती म्हणाली, अंगणवाडीतून. रोज? रोज.

मग ते स्वयंपाकघरात गेले. जयम्मांना विचारलं की ही मुलगी रोज जेवते हे तुम्ही सांगू शकता का. जयम्मांनी हात पदराला पुसले. त्या म्हणाल्या, "सार्, मला वही कळत नाही. वाढलेली ताटं मी मोजते आणि धुते पण मीच. न आलेल्या पोराचं ताट खरकटं कसं होणार?"

साहेब दारावरच्या रेघांकडे वळले. त्यांनी त्या मोजल्या. मग फोनकडे पाहिलं. मला क्षणभर वाटलं, हा माणूस आता काहीतरी करणार.

त्यांनी केलं ते असं. पंधरा दिवसांनी आदेश आला, गोल शिक्का आणि सहीसकट. जोडलेल्या यादीतील दिवशी गैरहजर असलेल्या सदर विद्यार्थिनीने शाळेत येऊन भोजन घेतल्याचे चौकशीत निष्पन्न झाले आहे. विद्यार्थिनी पटावरील असल्यामुळे अन्नाचा गैरवापर झालेला नाही. हजेरीच्या नोंदीत बदल करता येणार नाही. मुख्याध्यापिकेला यापुढे हजेरी व भोजन यांचे आकडे जुळवून ठेवण्याची सक्त ताकीद देण्यात येत आहे.

हा आदेश मी अनेकदा वाचला आहे. सरकारने मान्य केलं होतं की ती शाळेत आली. सरकारने मान्य केलं होतं की ती गैरहजर होती. एकाच कागदावर, एकाच सहीने, आणि त्या कागदाला कुठेही लाज वाटलेली दिसत नव्हती. ताकीद माझ्या सेवापुस्तकात लाल शाईने चढली. तिथे ती एकटीच आहे. बाकीच्या पानांवर बदल्या.

पहिल्या यादीची मुदत तोवर संपली होती. मी सिंचनाला आणि मंजुळाला घेऊन निवासी शाळेत गेले. तिथल्या कारकुनाने दाखला पाहिला आणि परत केला. मी आदेश पुढे सरकवला. त्याने तो उलटसुलट करून बघितला आणि हा तर तुमच्यावरचा कागद आहे, मुलीचा कुठे, असं विचारलं. मी म्हटलं, दोन्ही एकच आहेत. त्याने आम्हाला प्राचार्यांकडे पाठवलं, बहुधा कटकट टाळायला.

प्राचार्या माझ्याच वयाच्या. त्यांनी आदेश वाचला, मग यादीतल्या तारखा पेन्सिलीने मोजल्या, खालपर्यंत. त्यात छापील दाखल्यातले दिवस मिळवले. बेरीज तीन चतुर्थांशाच्या वर गेली, बरीच वर. त्या हसल्या नाहीत. मीही नाही. आम्ही दोघी इतकी वर्षं त्याच खात्यात होतो.

मग त्यांनी सिंचनाकडे पाहिलं आणि विचारलं, "तू रोज शाळेत यायचीस?"

मी वाटेत तिला सांगितलं होतं की नुसतं हो म्हण. तिने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हो," ती म्हणाली. "उशिरा."

मंजुळाने डोळे मिटून घेतले. प्राचार्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि अर्जावर काहीतरी लिहून आमच्याकडे पाठ करून खिडकी उघडली. काय लिहिलं ते आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं, दुसरी यादी लागली तेव्हा. तिचं नाव होतं.

मी निवृत्त झाले. निरोप समारंभात मलाही पेटा बांधला. पुढच्या जूनमध्ये फोनवरच्या हजेरीची वेळ साडेदहापर्यंत वाढवल्याचं माझ्या सहशिक्षिकेने कळवलं. मला वाटलं कोणीतरी माझा खुलासा वाचला असावा. परिपत्रक मागवून पाहिलं. डोंगराळ भागातल्या शाळांना सकाळी नेटवर्क मिळत नाही, हे कारण दिलेलं होतं. मुलांचा उल्लेख नव्हता.

धावायला अर्धा तास मिळाला असता तर सिंचनाला एकही 'गै' लागला नसता. त्या अर्ध्या तासासाठी एका मुलीचं पुढचं आयुष्य पणाला लागलं, आणि तो शेवटी मिळाला तो मोबाइलच्या मनोऱ्यांच्या सोयीसाठी. मला याचा राग अजून येतो. निवृत्तीनंतर राग कमी होतो असं म्हणतात. माझ्या बाबतीत फक्त त्याला वेळ जास्त मिळू लागला आहे.

यंदा दसऱ्याच्या सुटीत सिंचना मला भेटायला आली. उंच झाली आहे. दोन्ही वेण्या घातलेल्या होत्या. मी पुट्टीची चौकशी केली. ती आता आमच्याच शाळेत पहिलीत आहे आणि शेजारच्या मुलींबरोबर वेळेवर जाते. मग मी विचारलं, तुमच्याकडे हजेरी कशी घेतात. ती म्हणाली, दिवसातून पाच वेळा, पहिली पहाटे साडेपाचला. मी विचारलं, मग तुझी हजेरी किती?

शंभर टक्के, असं ती म्हणाली. तिथे सगळ्यांचीच तेवढी असते. फाटकाला कुलूप आहे.